मोड

ऱ्होनच्या उताराला, जिथे नावा बांधतात,
तिथे विंपा हरभरे विकते.
भिजवलेले, मोड आलेले, वर मीठ, चिमूटभर जिरं.
काशाच्या एका नाण्याला चार मुठी.
पण एकट्याने चार मुठी खाणारं इथे कोण आहे?
सगळ्यांना दोनच हव्यात.

— मोड नाही, ती म्हणते.
— टोपलीभर तर आहेत, खलाशी हसतात.
रोज हसतात. रोज तोच विनोद.

आजचं नाणं नवंकोरं, पिवळंधमक.
वरच्या अंगाला दोन पुरुष, पाठीला पाठ लावून,
दोघांत मिळून एकच मान असल्यासारखे.
भांडलेत का गं हे? लिता विचारते.
खालच्या अंगाला खजुराचं झाड
आणि त्याला साखळीने बांधलेलं काहीतरी.
पाल म्हणावी तर दात फार,
कुत्रं म्हणावं तर पाय आखूड.

वेत्तोनियस म्हातारा, एका कानाने बहिरा,
म्हणे तिकडे नाईलकाठी लढून आलेला.
मगर, तो सांगतो. माणूस गिळते.
मग बांधली कुणी?
तो हरभरे चावत राहतो.
लिता बहुतेक त्या कानाच्या बाजूला उभी होती.

दिवेलागणीला विंपा कास्सितालकडे जाते.
ऐरण, छिन्नी, एक घाव,
मग शिवी, मग दुसरा.
दोघे पुरुष सुटे झाले,
तरी एकमेकांकडे बघत नाहीत.
मगर कमरेत तुटली. जबडा इकडे, शेपूट तिकडे.
साखळी कुणाच्या वाट्याला गेली
ते काही विंपाला दिव्यापाशी धरूनही दिसलं नाही.

शेपूट परत उगवेल का, पालीसारखी?
झोप आता.
लिता झोपत नाही. चटईवर दोन्ही तुकडे पालथे करते,
इकडचा तिकडे, तिकडचा इकडे सरकवते.
आता दोघे पुरुष नाकासमोर नाक.
मधल्या फटीत ती एक हरभरा ठेवते.
कुणीच घेत नाही.

सकाळी मीठवाला आला.
विंपाने शेपटीचा तुकडा पुढे केला.
नको, तो म्हणाला, जबड्याचा दे.
अर्धं ते अर्धंच की रे, वजनही तेच.
माहीत आहे, तो म्हणाला,
आणि हात पसरूनच उभा राहिला.