बेअरिंग

तर्सिलाच्या बारवरची खोली, भाडं साडेचार हजार,
लाइट वेगळी.
भिंतींना काथ्याच्या गाद्या ठोकल्यात,
कुडचडेच्या बंद पडलेल्या लॉजमधून तीस रुपयाला एक अशा उचललेल्या.
पहिल्या वर्षी माझ्यापेक्षा ढेकणांनीच जास्त रेकॉर्डिंगं ऐकली.

काम काय करतोस, असं विचारणारे
उत्तराला थांबत नाहीत.
गातोस? नाही. पेटी? नाही.
मग तुझं नाव कुठे येतं?
येत नाही, मावशी. आलंच तर खाली, बारीक,
फोटोग्राफरच्याही खाली.

तरी काम येत गेलं.
नवरीच्या एन्ट्रीसाठी दीड मिनिट.
पंचायतीला दोन्ही पॅनेलांची गाणी, एकाच ढोलकीवर,
हे अजून कुणाला कळलेलं नाही.
मोलेच्या रिसॉर्टला ‘जंगल, पण झोप येईल असं’.
अग्नेल फुर्तादो कांतार गायचा सूर सोडून,
मी रात्रभर एकेक स्वर उचलून जागेवर बसवायचो.
सकाळी तो म्हणायचा, बघ, काल गळा कसा लागला!
होय, पात्रांव.

बाबा टिपरवाले.
खाणी चालू होत्या तेव्हा रिवणहून जेटीपर्यंत
दिवसाला सहा खेपा.
गाडीत रेडिओ नाही. गाणं लागलं
की गाडीचं ऐकू येत नाही, म्हणायचे.
वळणावर बोलता बोलता थांबायचे:
“ऐकलंस? मागचं डावं.
अजून रडत नाही. पण रडणार.”
मी सहा वर्षांचा, क्लीनरच्या सीटवर,
दातांत लाल धूळ,
ऐकलं म्हणायचो. ऐकू काहीच यायचं नाही.

माझे स्पीकर त्याच टिपरच्या इंजिनाचे.
इंजिन न्यायला माणसं आली त्या दिवशी
बाबा नदीवर गेले, काळोख पडल्यावर परतले.
अंगणातल्या त्या रिकाम्या बॉनेटला
अजून तार बांधलेली आहे.

गेल्या महिन्यात मळकर्णेची आरती मंडळी आली.
चार घुमटं, एक शामेळ, एक कासाळें.
खुशाली वेळीपांनी चपला जिन्यात काढल्या,
मायक्रोफोनला नमस्कार केला
आणि असं वाजवलं
की खालच्या बारमध्ये ग्लास बोलायचे थांबले.
सगळं उतरलं.
पण मिक्सला बसलो की तळाशी काहीतरी गढूळ.
नऊ दिवस कापलं, गाळलं, परत घातलं.
घुमटाच्या कातड्याला दोष दिला, हवेला दिला,
स्वतःला द्यायचं तेवढं टाळलं.

बाबा डबा घेऊन आले. पहिल्यांदाच वर चढले.
मी लावलं.
डोळे मिटले नाहीत त्यांनी. खिडकीबाहेर बघत राहिले,
रस्ता असल्यासारखे.
मग एक बोट वर.
“खाली कुठंतरी बेअरिंग गेलंय.”
बाबा, ही आरती आहे.
“असू दे. एकच सूर धरून बसलंय.
वाजवणारा माणूस थकतो, पुता.
हे थकत नाही.”

खाली गेलो. तर्सिलाचा बीअरचा फ्रीज,
माझ्या खोलीच्या खांबाला पाठ लावून उभा.
आधी हाताला लागला, नंतर कानाला.
चार वर्षं मी फ्रीजवर गाणी बांधत होतो.
नवऱ्या आल्या त्याच्यावर. दोन्ही पॅनेलं.
जंगलसुद्धा.

दोघांनी मिळून तो वीतभर पुढे ओढला.
खालून निघालेली नाणी तर्सिलाने मोजून घेतली.
वर येऊन त्या एका सुराला
सुईएवढं भोक पाडलं,
आणि घुमटाच्या पोटात किती जागा असते
ते तेव्हा कळलं.

बाबा डबा उघडत होते.
“पैसे दिले त्यांनी?”
चतुर्थीनंतर देणार.
“हं.”
माशाची मधली तुकडी माझ्या बाजूला सरकवली.

चतुर्थी झाली. वेळीपांनी सतरा नारळ पाठवलेत,
अठरावा वाटेत फुटला म्हणे.
बिलात ते कुठे लिहायचं, अजून ठरलेलं नाही.