ओटी

आमच्या गावात ओटीचे दोन अर्थ होते.
एक देवीची, खणानारळानं भरायची.
दुसरी घराची, तिच्यावर बसून पान लावायचं.
तिसरी मी आणली, तालुक्याच्या ट्रेनिंगमधून,
खिशात मावेल एवढ्या बाटलीत.
नळीत पाणी घ्या, थेंब टाका,
पिवळं झालं तर औषध पोचलं.
पांढरं राहिलं तर
परत जा, पुन्हा टाका.

मी तुळाजी मुणगेकर, जलसुरक्षक,
ग्रामपंचायत वेळबंदर.
सहा विहिरी, एक टाकी, एक वही.
मानधन येतं, पण त्याची वाट बघत
चुलीवर आधण ठेवू नये.

"पाण्याक वास येता रे तुळाज्या, चाय नासता,"
द्वारकीकाकी रोज म्हणायची.
मग एप्रिलात वास यायचा थांबला.
काकी खूश.
मीही खोदून विचारलं नाही.
पावडरचं पोतं ऑफिसामागं उघडं पडलेलं,
खारा वारा खाऊन ढेकूळ झालेलं.
त्यातला जीव उडून गेला होता,
मी विहिरीत चुना घालत होतो
आणि वहीत लिहीत होतो, "टाकले. ओटी पिवळी."
एकतीस दिवस, एकाच पेनानं.
एकाच बैठकीत.

मे महिन्यात मळ्यात टूर्नामेंट झाली,
रात्रीची, लाइट लावून, सोळा टीम.
खाडीपलीकडून तरीनं आलेले गाबीत,
मोहल्ल्यातली पोरं, घाटीवरचे धनगर,
देवगडहून दोन टेम्पो.
आउट झालेला, जिंकलेला, कॉमेंट्री करणारा,
सगळे एकाच निळ्या पिंपावर.
पिंप चव्हाट्यावरच्या विहिरीचं,
वर एक मग, साखळीला बांधलेला,
चोरीला जाऊ नये म्हणून.

जून उजाडला. शाळा उघडली.
पहिले डोळे ऐवाज सोलकरचे.
मग बाव्याच्या धाकट्याचे, मग पलीकडच्या तीरावर चार,
मग ज्यांना आम्ही फायनलमध्ये हरवलं ते अर्धे.
विरारहून फोन आला,
सुट्टीवरून गेलेल्या हेमंतची लघवी
चहासारखी होतेय म्हणून.

डॉक्टर मॅडमनी नकाशावर टिकल्या लावल्या.
खऱ्या टिकल्या, पर्समधल्या.
"आज दिसणारी कावीळ साधारण महिन्यामागच्या घोटाची असते," म्हणाल्या.
"महिन्यापूर्वी काय प्यायलात?"
कुणाला पाणी आठवेना.
स्कोअर सगळ्यांना आठवत होता.

मग त्या विहिरीवर आल्या.
वीस पावलांवर नवा संडास, योजनेतला.
खड्डा जांभ्यात.
जांभा आम्ही घराला लावतो, कुंपणाला लावतो,
तो चाळणीसारखा असतो हे
पोरालासुद्धा माहीत आहे.
खड्ड्याची जागा ठरली त्या दिवशी
पंचायतीत चहा मीच दिला होता.
मॅडमनी माझ्याकडे वही मागितली.
मी दिली.
त्यांनी पान उलटलं, परत उलटलं,
शाई बघितली, काही बोलल्या नाहीत.
बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

ऐवाजची आई त्याला कणकवलीला घेऊन गेली,
गळ्यात काविळीची माळ घालून आणली.
माळ रोज लांबत गेली, डोळे निवळत गेले,
श्रेय माळेला मिळालं.
मला त्यात वाद घालायची हिंमत नव्हती.
मी फक्त म्हटलं, "पाणी उकळा हां,
आणि जेवायच्या आधी, शी करून आल्यावर, साबण."
ती म्हणाली, "साबण ठेवलाय."
माझ्याकडे बघून म्हणाली.

आता खड्डा बुजवलाय, नवा लांब, उताराला.
पोतं माझ्या घरात, पिंपात, झाकण लावून.
पहाटे विहिरीत औषध सोडतो,
अर्धा तास थांबतो.
मग काठावर बसून नळी उजेडाला धरतो.
काकी कळशी घेऊन येते, डोकावते.
"ह्यां पिवळां बरां काय वायट?"
"हय बरां," मी म्हणतो. "डोळ्यात वायट."
ती विचार करते.
"चाय नासतली पण."
"नासां दे, काकी."

कळशी भरताना ती बोलत नाही.
मी वही उघडतो, तारीख घालतो, थांबतो,
पुन्हा एकदा नळीकडे बघतो.