इतिवृत्त कायम

निंभोऱ्याला स्टेशनामागच्या बारदानाच्या गोदामात
महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी
आमचं केळी अभ्यास मंडळ भरतं.
वर्गणी साठ रुपये. हजर एकेचाळीस.
चहा आधी, नाहीतर अर्धे लोक पाण्याच्या पाळीला निघून जातात.

मी चिटणीस. शाळेतून निवृत्त झाले तेव्हा
अक्षर बरं म्हणून हे रजिस्टर माझ्याकडे आलं.
केळीचं एक खोडही मी कधी लावलेलं नाही.
तेरा वर्षांत मात्र ओळखू येतो
निसवायला आलेल्या बागेचा वास,
आणि ज्याला काही बोलायचं नसतं
तो भिंग किती वेळ पुसत बसतो, तेही.

विषय एक. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले.

विषय दोन. तापमानाची वही.
लुकमान तडवी रोज पहाटे सुकीच्या काठावरचा पारा वाचतो.
नऊ वर्षांत एकच रकाना रिकामा,
त्या दिवशी त्याच्या लेकीचं लग्न होतं.
अंदाजाने भरता आला असता.
भरला नाही. हे नमूद करावंसं वाटतं.

विषय तीन. जळगावहून आलेल्या कीटकशास्त्राच्या बाई.
चादरीवर चित्र : मावा, खसखशीएवढा,
काकडीच्या वेलावरून उडतो, केळीच्या पोंग्यात उतरतो
आणि मागे ठेवून जातो हरण्या.
पानावर पिवळ्या रेघा, मग पोंगा सडतो, मग काही नाही.
"औषध?" वासुदेव नारखेडेने विचारलं.
"नाही. उपटायचं, पुरायचं, शेजाऱ्याला सांगायचं."

विषय चार. ऐनवेळचे.
अध्यक्ष चावदस बोंडे उठले,
ज्यांच्या कंदावर आमचं अर्धं गाव उभं आहे.
म्हणाले, "भो, माह्या बागात हाय. पोळ्यापासून हाय."
पाणी प्यायले.
"आन कंद मी त्याच्यानंतर देल्हे. अकरा जनायले."

बाहेर मालगाडी रुळ बदलत होती.
तिचे सगळे डबे संपेपर्यंत कुणी बोललं नाही.
मग वासुदेव उठला. त्याचे कंद दोन हजार.
मोटारसायकलचा आवाज स्टेशनाच्या फाटकाकडे गेला.
मी लिहिलं : एक सभासद सभा सोडून गेले.

ते मला खोडावं लागलं.
अर्ध्या तासाने तो परत आला,
हातात नव्या लागणीतला पोंगा,
पिशवीत घालून वर दोन गाठी मारलेला,
बाईंनी सांगितल्या होत्या तशा.
म्हणाला, "भिंग कुठं हाय?"

पिशवी हातोहात फिरली, न उघडता.
प्रत्येकाने पाहिलं. प्रत्येकाने पुढे दिली.
अध्यक्षांकडे आली तेव्हा
त्यांनी भिंग पुसलं नाही.

आमच्या घटनेत कलम अकरा आहे :
रोग दडवणाऱ्याचे सभासदत्व रद्द.
ते वाचा, असं कुणी म्हणालं नाही.
कपाटाची किल्ली माझ्याच कमरेला होती.

ठराव : उद्या पहाटे पाचला बोंड्यांच्या बागेपासून सुरुवात.
अकराही मळे, क्रमाने, नकाशावर खुणा करत.
कोयते ज्याचे त्याने आणावेत.
बांधावरच्या काकड्या, चवळ्या काढाव्यात, कुणाच्याही असोत.
सूचक लुकमान तडवी.
अनुमोदन वासुदेव नारखेडे.

घाईत सह्या राहिल्या होत्या,
म्हणून पहाटे रजिस्टर घेऊन मी बांधावर गेले.
तीनशे खोडं आडवी. खड्ड्याशी लुकमान,
आधी पारा वाचून आलेला.
चावदसभाऊंनी हात धोतराला पुसले, तरी चीक राहिलाच.
चीक आधी पाण्यासारखा दिसतो, काळा नंतर पडतो.

पुढच्या सभेला पान उघडलं तर
सहीच्या शेजारी अंगठ्याएवढा डाग.
समासात मी बारीक अक्षरात लिहिलं :
सदर डाग खाडाखोड समजू नये.

इतिवृत्त वाचलं.
कायम.