सेव्हन चोडणला येतो

रायबंदरच्या धक्क्यावर फेरी पुरती टेकण्याआधीच
तो पुढे येऊन उभा, काखेत थर्मास.
अकरा वर्षं. केस विरळ झाले, थर्मास बहुधा तोच.
'गावस लाओशी,' म्हणाला, आणि कमरेतून वाकला.
केळीचे घड सावरत बाया वळून बघू लागल्या.
चोडणात माझ्यापुढे कुणी वाकत नाही.
इथे मी शशिकलाबाय,
सोसायटीच्या रांगेत मध्येच घुसणारी.

त्यांच्या भाषेत मी रोज म्हणायचे, 'एक विचारू?'
स्वर घसरायचा, आणि वर्गाला ऐकू यायचं,
'एक मुका घेऊ?'
दोन महिने. एकजणही हसला नाही.

हजेरीपटावर त्यानं आपलं नाव दिलं होतं सेव्हन.
हे नाव नव्हे, आकडा आहे, म्हणत मी खोडलं
आणि वर लिहिलं स्टीफन,
आमच्या वाड्यावरच्या पोदेराचं.
स्टीफन अख्खं सत्र गैरहजर राहिला,
पहिल्या बाकावर बसून.

प्रश्न टाकला की चाळीस डोकी वहीत.
मला तो माज वाटायचा. खडू आपटायचे.
एकदा जिन्यात रडले, कुणी पाहिलं नाही असं समजून.
सकाळी टेबलावर एकोणचाळीस सफरचंदं,
पुसून, रांगेत.
चाळिसावं कुणाचं नव्हतं ते मला ठाऊक होतं.

मग ते निबंध.
बारा वह्यांत एकच लंगडा कुत्रा,
बाराजणांना शाळेच्या फाटकापर्यंत पोचवणारा,
शेवटून दुसऱ्या ओळीत मरणारा.
मी बारा भोपळे दिले.
रात्री मॉनिटर दारात, गरम पाणी घेऊन:
'वाक्य फार चांगलं होतं, लाओशी.
चांगलं वाक्य एकट्यानं ठेवून घ्यायचं?'
मी चोरी ह्या शब्दावर तासभर बोलले.
ती कपात पाणी ओतत राहिली.

आता तो आमच्या चौकीवर, माटोळीखाली मान वर करून
रानफळं मोजतोय.
सोलकढी थंड म्हणून नको म्हणाला, मग तीन वाट्या प्याला.
जावेला पगार विचारला,
पण त्याआधी जावेनं त्याला विचारला होता,
आणि लग्न का रे नाही केलंस, हेही.
दोघांचं चांगलं जमलं.

आरतीला वाडा लोटला. झांजा, घुमट,
एकाचा आवाज दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून चाललेला.
अर्थ विचाराल तर निम्मे दाराकडे बघतील,
अक्षर मात्र कुणाचं चुकत नाही.
तो माझ्या कानाशी आला:
'लाओशी, सगळ्यांचं एकच.
भोपळा कुणाला?'
मी पंचखाद्य वाटायला उठले.

रात्री भांडी विसळताना विचारलं, सेव्हनच का रे?
तो ताट पुसत होता, दोन्ही बाजूंनी, नीट.
'आई सात नंबरची बस चालवायची.
दहा वाजून वीस मिनिटांनी शाळेवरून जायची.
खिडकीतून तोंड दिसत नसे, आकडा दिसायचा.'
माझ्यापुढे वही नव्हती,
तरी मी खाली बघत राहिले.

परतीच्या फेरीत तो खिशातून नोटा काढू लागला,
माझेही पैसे तोच देणार म्हणून हट्टाला पेटला.
खलाशी म्हणाला, चालत येणाऱ्याला इथे पैसे नाहीत.
तो इतका हिरमुसला की मीच खलाशाला म्हटलं,
घे रे बाबा काहीतरी.
त्यानं एक केळं घेतलं.

नदी तपकिरी, अर्ध्या वाटेवर.
मला त्याचं खरं नाव विचारायचं होतं, स्वरासकट.
म्हणून त्याच्या भाषेत म्हटलं, 'एक विचारू?'
स्वर तिथेच घसरला, जुन्याच जागी,
आणि सेव्हन हसला.
इतका हसला की थर्मास हातातून सुटला,
गडगडत स्कूटरींच्या मधून गेला,
आणि त्याच्या मागे आम्ही दोघं.