तीन स्क्रू

गळ्याच्या टोकाला नाव असतं,
नावाखाली घंटेच्या आकाराची काळी पट्टी.
खऱ्या गिब्सनला तिथे दोन स्क्रू.
हिला तीन.

मी काही बोलत नाही. टेबलावर पंचा अंथरतो,
गिटार उताणी ठेवतो.
पोरगा माझ्या तोंडाकडे बघून राहिलाय,
सोनोग्राफीवाल्याच्या तोंडाकडे बघतात तसा.

जेल रोडला, मोबाइलवाल्यांच्या डोक्यावर माझी खोली.
आधी अँप्लिफायर यायचे, मग कीबोर्ड,
आता ह्या. अंगावर वाघाचे पट्टे,
लाकडाचे नाहीत, छापलेले,
वरून इतका वार्निश
की ट्यूबलाइट आत बुडालेली दिसते.

"काका, एवढंच सांगा, असली आहे ना?"
यशराज फणसे, देवासहून बसने आला.
बावीस हजार मोजले. मित्राच्या मित्राने दुबईहून आणली म्हणे.
दुबई बिचारी!
इंदूरची किती पापं तिच्या नावावर.

सगळेच असं विचारत नाहीत.
डॉक्टर भावसारांना ठाऊक होतं आधीपासून,
दवाखान्यात भिंतीवर टांगायची होती,
"वाजवायची कुणाला आहे?"
ढोबळे लग्नात वाजवतो. खरी त्याच्या कपाटात,
मांडवात नकली. "दागिने तरी कोण खरे नेतं आता?"
आणि एक रेवती खासगीवाले आली होती,
आठ हजारांची, समजून-उमजून घेतलेली,
म्हणाली, नाव खरवडून द्या.
मी वाजवते तेव्हा लोक बोटांकडे बघत नाहीत,
तिथे बघतात, वर.
खरवडलं. काळ्या रंगाखाली पिवळा हात,
त्याखाली लाकूड.
लाकूडच होतं.

मागचं झाकण उघडतो.
तारा केसासारख्या बारीक, डाख घाईत दिलेला.
कुणी दिला असेल? मला का कोण जाणे
नेहमी बाईच दिसते, लांब टेबलाशी,
शंभर गिटारी एका पाळीत.
पण तिसऱ्या जोडावर तिने थांबून
नीट, गोल, चकचकीत थेंब सोडलाय.
त्या थेंबाला मी हात लावत नाही.

शहाऐंशी साली मी पुण्याला गेलो होतो मावशीकडे.
दारातच म्हटलं, "मी तर वेळेवर येऊन राहिलो होतो,
गाडीच लेट झाली."
मावसभाऊ खदखदून हसला. ही कुठली मराठी?
मावशी हसली नाही. तिने माझं वाक्य
धुऊन, घडी घालून परत दिलं.
चार दिवस होतो. मान हलवून भागवलं.
तिथे माझे स्क्रू मोजत होते,
हे तेव्हा कळलं नव्हतं, नुसतंच टोचलं.
घरी, रामबागेत, चौथी पिढी
त्याच मराठीत भांडत होती, बारशी करत होती,
आजोबा गेले तेव्हा आई त्याच मराठीत रडली.
रडणं कुणी दुरुस्त केलं नाही.

"काका?"
तिसरी तार उतरते, म्हटलं. वरची खाच घासावी लागेल.
सातव्या पडद्यावर खरखर आहे. साडेचारशे होतील.
"आणि असली?"
पट्टी दाखवली. मोज.

मोजले त्याने. पुन्हा मोजले,
जसं काही मधे एखादा कमी होणार होता.
खाली कुणीतरी काच बदलून देण्यावरून
गिऱ्हाइकाशी वाद घालत होतं.
मी खाच घासली, पडदा घासला, तार लावली, दिली.
त्याने मांडीवर घेतली, अँप न लावताच
काहीतरी वाजवलं, अर्धवट, मान खाली घालून.
तार उतरली नाही.

जिन्यापाशी थांबला.
"काका, तिसरा स्क्रू काढता येईल?"
येईल. पण भोक राहील.
त्याने पिशवीची चेन निम्मी लावली,
पुन्हा उघडून आत बघितलं.
"राहू द्या मग," म्हणाला,
"असू द्या तीन."