विसाला पाच कमी

इसेयिनच्या शाळेत, चौथीच्या वर्गात
मी बाकावर अग्बालुमोच्या बिया ओतते.
चपट्या, तपकिरी, कालच चोखून संपवलेल्या;
एक-दोन अजून बोटाला चिकटतात.

मुलांना आकडे येतात. इंग्रजीतले, घडाघडा.
आमच्या योरुबातले दहापर्यंत,
पुढे एकमेकांच्या तोंडाकडे बघणं.

चौदापर्यंत सोपं आहे, मी सांगते,
दहाच्या डोक्यावर एक, दोन, तीन, चार.
पंधराव्या बीपाशी हात थांबवते.
आता वर चढायचं नाही.
थेट विसावर जाऊन बसायचं
आणि वाकून खाली बघायचं: पाच कमी.
सोळा? चार कमी. सतरा? तीन.

"पण बाई, वीस तर अजून आलेच नाहीत,"
आदिगुन म्हणतो, "नसलेल्यातून काढायचं कसं?"

त्याचा बाप मागावर बसतो.
गिऱ्हाईक आलं की काय सांगतात बाबा?
"चार पट्ट्या राहिल्या, म्हणतात."
आणि झाल्या किती?
"ते कुणी विचारतच नाही."

मग पंचेचाळीस.
साठातून दहा काढले, पन्नास.
त्या पन्नासातून पाच.
बोलातितो कपाळावर हात मारते:
"दोनदा उधारी! ही तर मावशीची वही झाली."
मावशीचं गारीचं दुकान आहे, वही लाल आहे,
आणि तिच्यात माझंही नाव आहे, म्हणून मी घाईने पुढे जाते.

सदुसष्टला मीच अडखळते.
ऐंशीतून दहा, त्यातून…
खडू हवेत, आणि मनात चोरून इंग्रजी.
"बाई, ओठ हलले! ओठ हलले!"

शेवटी हजेरी. आज तुम्हीच मोजा, म्हटलं.
अबेनी बाकांमधून फिरते,
प्रत्येक डोक्यावर बोट टेकवत,
चौदापर्यंत पटपट, नंतर जपून.
"विसाला एक कमी," म्हणते,
आणि खिडकीजवळच्या जागेकडे बघते.

जिमोह. जानेवारीत लागोसला गेला,
मामाच्या हाताखाली टायर काढायला.
महिनाभर मी वहीत नाइन्टीन लिहीत होते,
त्यात तो कुठेच नव्हता.

आदिगुन उठतो, एक बी उचलून
त्या बाकावर ठेवतो.
"आता वीस?"
"नाही," अबेनी म्हणते, "ती बी आहे."

घंटा होते. बिया मी डब्यात भरते.
ती एक राहू देते,
हरमाटानच्या धुळीत, बाकावर.