पांढरी वायर

हिरवी वर्किंगला, लाल काउंटरला,
पांढरी रेफरन्सला.
काळी कुठेच नाही, तिच्या तोंडाला टेप लाव,
पत्र्याच्या पेटीला टेकू देऊ नकोस.
एवढं सांगून मी हात मागे घेतला
आणि रुक्साना मुलाणीने
आयुष्यात पहिल्यांदा ते चिमटे उघडले.

पाषाणची प्रयोगशाळा, तळमजला, सकाळचे साडेसात.
ही वेळ मी मुद्दाम निवडते.
वरचा व्हॅक्यूम पंप झोपलेला असतो,
लिफ्ट हलत नाही,
आलेखावर कुसळं येत नाहीत.

कार्बनची चकती तिने परवा घासली होती
ओल्या कापडावर, पांढऱ्या पुडीत,
आठाच्या आकड्यात.
बोट मराठी आठ काढत होतं, खालून उघडा.
इंग्रजी, मी म्हटलं. जो कुठेच सुटत नाही तो.

"मॅडम, रेफरन्स नक्की करतो काय?"

माझे वडील मार्केट यार्डात तोलणार होते.
गोणी त्यांनी कधी उचलली नाही,
ते हमालांचं, तुझ्या लाल वायरचं काम.
सौदा गाळ्यावर व्हायचा, हिरव्यापाशी.
बाबा नुसते काट्याशी उभे,
घरी येताना पिशवीत यार्डातला एक कांदाही नाही,
आकडा मोठ्याने म्हणायचे
आणि त्या आकड्यावर सगळे थांबायचे.
रेफरन्समधून वीज जाऊ द्यायची नाही.
गेली की तो बदलतो,
मग त्याच्या शब्दाला कोण विचारतो?

तिने सेल ऑन केला.
रेषा वर गेली, छताला डोकं लावून तिथेच राहिली.
ओव्हरलोडचा दिवा.
चकतीवरून बुडबुडे, आणि त्यांच्यामागून
सव्वीस तास खपून बसवलेला निळसर थर
सोलपटासारखा पाण्यात.

बंद कर! बंद!

चिमटे तिन्ही बरोबर होते.
रेफरन्सच्या नळीत, अगदी टोकाशी,
मोहरीएवढी हवा.
जोडलेला होता, पण त्याला ऐकू येत नव्हतं.
यंत्र विचारत राहिलं, उत्तर येईना,
म्हणून ढकलत राहिलं.

अठ्ठ्याऐंशी साली बाबांना कावीळ झाली.
काट्याशी बदलीचा पोरगा, काटा गंजून अडकलेला,
पोरगा म्हणत राहिला, अजून टाका, अजून.
साखळी तुटली तेव्हा खाली जगू भिंताडे होता.

हे मी तिला सांगितलं नाही.
नळी हातात घेतली,
थर्मामीटर झटकतात तशी दोनदा झटकली.
हवा वर सरकली.
आता तू बघ, उजेडाकडे धरून, म्हटलं,
रोज बघायचं, चहाच्या आधी.

तिने बराच वेळ धरून ठेवली,
एक डोळा मिटून.
मग निळे तुकडे चिमट्याने वेचून
बाटलीत भरले, वर तारीख लिहिली.
कशाला, मी विचारलं नाही.

नुसत्या चकतीवर घेऊ आधी, ती म्हणाली,
आणि पुन्हा कापड ओलं केलं.

वरती पंप सुरू झाला.